अर्ध्या सेकंदाचा हिशेब

पौर्णिमेच्या आगेमागे टिपलेले चंद्राचे एक छायाचित्र समोर ठेवले आहे, अशी कल्पना करावी. ओळखीचे सारे काही त्यात आहे: करडे डाग, उजळ डोंगराळ भाग, टायको विवर आणि त्यापासून चहूकडे फाकलेले पांढरे पट्टे. मात्र त्या डागांच्या मधोमध एक काळी आकृती दिसते. तिच्या कडा सरळ आहेत आणि कोन काटकोनी आहेत. मध्ये एक दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना पात्यांच्या जोड्या, असे तिचे रूप आहे. चंद्रावर निसर्गाने असे काही घडविलेले नाही. ती आकृती चंद्रापासून पावणेचार लक्ष किलोमीटरांहून अधिक अलीकडे, पृथ्वीच्या अगदी जवळ आहे आणि तिच्या पोटात माणसे काम करीत आहेत. ते आहे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक.

उपग्रह चंद्रासमोरून जात असताना नेमका त्या क्षणी त्याचे छायाचित्र घेणे, हा जगभरातील हौशी आकाशनिरीक्षकांचा एक छंद आहे. शुक्र किंवा बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो, त्या घटनेस खगोलशास्त्रात ‘अधिक्रमण’ म्हणतात. हेही अधिक्रमणच, फरक एवढाच की शुक्राला सूर्यबिंब ओलांडण्यास काही तास लागतात, तर अंतराळ स्थानक चंद्रबिंब सुमारे अर्ध्या सेकंदात ओलांडते. पापणी लवण्यास जेवढा अवधी लागतो, त्याहून हा काळ फारसा मोठा नाही. या अर्ध्या सेकंदासाठी कित्येक दिवस आधी आकडेमोड करावी लागते, नकाशा पाहावा लागतो आणि गरज पडल्यास रात्री-अपरात्री गाव सोडून काही किलोमीटर दूर जावे लागते. छंदाचे खरे स्वारस्य या पूर्वतयारीत आहे.

आकडे काय सांगतात

अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी अवकाशात गेला आणि २ नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसांचा मुक्काम अखंड आहे. स्थानकाचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर आहे. त्याचे वस्तुमान सुमारे ४२० टन असून ते पृथ्वीपासून सुमारे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साधारण ७.६६ किलोमीटर या वेगाने फिरते. या वेगाने मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर १६ सेकंदांत संपते. पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे ९३ मिनिटांत पूर्ण होते, म्हणजे दिवसाकाठी साडेपंधरा फेऱ्या होतात.

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. इतका अवाढव्य गोल आकाशात मात्र जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. स्थानक त्याच्या तुलनेत कणभर असले, तरी ते चंद्रापेक्षा नऊशेपटींहून अधिक जवळ आहे. त्यामुळे ते थेट डोक्यावर असेल तेव्हा त्याची दिसणारी लांबी चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे चौतिसाव्या भागाइतकी भरते. चंद्र एक फूट व्यासाच्या ताटाएवढा छापला, तर स्थानक त्यावर ९ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे दिसेल. ते क्षितिजाकडे झुकलेले असेल तेव्हा पाहणाऱ्यापासून अधिक दूर असते. तेव्हा आकृती लहान होते, पण सरकण्याचा वेग मंदावल्यासारखा वाटतो आणि अधिक्रमणास जवळजवळ एक सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ मिळतो. छंदकास या दोहोंतून निवड करावी लागते: आकृती मोठी हवी असेल तर वेळ कमी, वेळ हवा असेल तर आकृती लहान.

इतर उपग्रहही चंद्रासमोरून जातातच. हबल अवकाश दुर्बीण १३ मीटर लांबीची आहे आणि ती स्थानकाहून अधिक उंचीवरून फिरते. म्हणून चंद्रावर ती ठिपक्याहून फारशी मोठी दिसत नाही. चीनचे तियानगाँग स्थानक आकाराने बरेच लहान असले, तरी प्रयत्न केल्यास टिपता येते. पण ज्याचे अवयव ओळखू यावेत असे प्रशस्त लक्ष्य एकच आहे, ते म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थानक.

पट्टा चार किलोमीटरांचा

चंद्र सर्वांना दिसतो आणि स्थानकही मोठ्या प्रदेशावरून एकाच वेळी दिसते. मग चंद्रासमोरचे स्थानक मात्र थोड्याच लोकांना का दिसते? याचे उत्तर नेहमीच्या अनुभवात आहे. रस्त्याकडेचा विजेचा खांब आणि त्यामागचा दूरचा डोंगर एका ओळीत दिसत असतील, तर दोन पावले बाजूला सरकताच खांब डोंगराच्या दुसऱ्याच भागासमोर जातो. डोंगर जागचा हललेला नसतो, खांबही नाही. पाहणाऱ्याची जागा बदललेली असते. येथे स्थानक हा खांब आणि चंद्र हा डोंगर.

स्थानक डोक्यावर असताना चंद्रासमोरून जाते, असे ज्या गावांतून दिसते ती सारी गावे जमिनीवरच्या एका अरुंद पट्ट्यात येतात. त्या पट्ट्याची रुंदी चार किलोमीटरांहून थोडी कमी असते. स्थानक क्षितिजाकडे असेल तर ती वाढते. पट्ट्याच्या मध्यरेषेवर उभे राहिलेल्यास स्थानक चंद्राच्या अगदी मधून जाताना दिसेल. तेथून एक किलोमीटर बाजूला गेल्यास त्याची वाट चंद्राच्या व्यासाच्या एक चतुर्थांशाहून अधिक सरकेल. दोन किलोमीटर गेल्यास ते चंद्राच्या काठाला घासून निघून जाईल. मध्यरेषा पुण्यातील कोथरूडवरून जात असेल, तर हडपसरच्या गच्चीवर कितीही उत्तम कॅमेरा लावला तरी चित्रात केवळ चंद्र येईल.

म्हणूनच एकाच गच्चीवरून वर्षभरात असे योग मोजकेच येतात. पन्नास-साठ किलोमीटर प्रवासाची तयारी ठेवली, की त्यांची संख्या वाढते. मग मध्यरेषा नकाशावर पाहून तिच्यावरची मोकळी जागा शोधायची, दिवसा जाऊन ती पाहून यायची, चंद्राच्या दिशेला इमारत किंवा झाड आड येत नाही याची खात्री करायची आणि जागा दुसऱ्याच्या मालकीची असल्यास परवानगी घ्यायची, हा सारा क्रम ओघाने येतो. पट्ट्याचे भान नसलेल्या माणसास चंद्राचे चित्र मिळेल, अधिक्रमणाचे मिळणार नाही.

घड्याळाशी गाठ

जागेनंतर वेळ. स्थानक केव्हा कोठे असेल, हे ठरविण्यासाठी त्याच्या कक्षेची नोंद लागते. ही नोंद जगभर दोन ओळींच्या ठरावीक नमुन्यात दिली जाते. प्रत्येक ओळीत ६९ स्थाने असतात. कक्षेचा कल, तिचा आकार, दिवसातील फेऱ्या आणि नोंद कोणत्या क्षणाची आहे, हे सारे त्यात अंकांत मांडलेले असते. व्यापाऱ्यास कौतुक वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे: प्रत्येक ओळीचा शेवटचा अंक हा ताळ्याचा अंक असतो. ओळीतील अंकांची ठरलेल्या रीतीने बेरीज करून तो काढतात. नोंद उतरविताना एखादा अंक चुकला, तर बहुधा तो ताळ्यातच उघडा पडतो.

ही आकडेमोड हाताने करण्याची आता गरज उरलेली नाही. ‘ट्रान्झिट फाइंडर’सारख्या संगणकीय सोयीत आपले ठिकाण आणि तेथून किती दूर जाण्याची तयारी आहे ते भरले, की येत्या दिवसांतील अधिक्रमणांची यादी, प्रत्येकाची वेळ आणि नकाशावरील मध्यरेषा मिळते. तरीही या यादीवर डोळे मिटून विसंबणे योग्य नव्हे. एवढ्या उंचीवरही विरळ हवा असते. तिच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली येत राहते आणि ठरावीक काळाने इंजिने चालवून त्यास पुन्हा वर उचलावे लागते. सूर्यावरील घडामोडी वाढल्या, की वरचे वातावरण फुगते आणि घर्षण वाढते. म्हणून आठवड्यापूर्वी काढलेली वेळ प्रत्यक्षात काही सेकंदांनी चुकू शकते. आणि एका सेकंदात तर स्थानक साडेसात किलोमीटर पुढे गेलेले असते. अनुभवी छंदक आदल्या दिवशी यादी पुन्हा काढतो आणि निघण्यापूर्वी आणखी एकदा.

वेळेच्या बाबतीत आणखी एक ठेच अनेकांना लागते. काही ठिकाणी वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. जागतिक वेळेनुसार सायंकाळी ७ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे १२.३०, आणि तेही दुसऱ्या तारखेचे. तारखेचा हा बदल ध्यानात आला नाही, तर माणूस सारी सिद्धता करून चोवीस तास आधीच जागेवर पोहोचतो. घड्याळही सेकंदापर्यंत बिनचूक हवे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. भ्रमणध्वनीवरील घड्याळ प्रमाणवेळेशी ताडून पाहावे, भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नये.

नॉर्मंडीचे छायाचित्र

या छंदास जगभर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत फ्रान्सचे अभियंते तिएरी लेगो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १७ सप्टेंबर २००६ रोजी त्यांनी नॉर्मंडीतून सूर्याचे एक छायाचित्र घेतले. अमेरिकेचे ‘अटलांटिस’ हे अंतराळयान स्थानकापासून विलग होऊन त्या वेळी जेमतेम ५० मिनिटे झाली होती. पिवळसर, जवळजवळ कोऱ्या सूर्यबिंबावर दोन चिमुकल्या काळ्या आकृत्या शेजारी शेजारी दिसतात: एक स्थानक, दुसरे यान. दोहोंमधले अंतर सुमारे २०० मीटर होते, तर लेगो यांच्यापासून ती दोन्ही ५५० किलोमीटर दूर होती. शटर उघडे राहिले ते एका सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापुरते. सरकारी वेधशाळेच्या मदतीशिवाय एका हौशी माणसाने घेतलेले हे चित्र जगभर प्रसिद्ध झाले.

मे २००९ मध्ये ‘अटलांटिस’ हबल दुर्बिणीच्या शेवटच्या दुरुस्तीसाठी गेले, तेव्हा लेगो फ्रान्सहून फ्लोरिडास गेले. १३ मे रोजी यानाने हबलला आपल्या यांत्रिक हाताने पकडण्यापूर्वी थोडा वेळ, दोन्ही सूर्यासमोरून जात असताना त्यांनी टिपली. तो सारा प्रसंग ०.८ सेकंदाचा होता. डोळ्यांनी पाहून बटण दाबण्याचा येथे प्रश्नच येत नाही. मेंदूला दिसून बोट हलेपर्यंत निम्मा अवसर निघून गेलेला असतो. भरवसा ठेवायचा तो घड्याळावर आणि आधी केलेल्या गणितावर.

चंद्रासमोरचे स्थानकही त्यांनी टिपले आहे. २० डिसेंबर २०१० च्या रात्री, खग्रास चंद्रग्रहणास काही तास अवकाश असताना, नॉर्मंडीतील आव्रांश परिसरातून त्यांनी ते चित्र घेतले. त्यानंतर पंधरवड्यातच, ४ जानेवारी २०११ रोजी, ते ओमानमधील मस्कतला पोहोचले. त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होते आणि स्थानकाची वाट नेमकी ग्रासलेल्या सूर्यावरून जात होती. त्या एका चित्रात पाचशे किलोमीटरांवरचे स्थानक, जवळपास चार लक्ष किलोमीटरांवरचा चंद्र आणि पंधरा कोटी किलोमीटरांवरचा सूर्य ही तिन्ही एका प्रतलावर आली आहेत. शेजारी सूर्यावरचे डागही दिसतात. हे ग्रहण युरोपातूनही दिसणार होते. परंतु तिन्ही जुळणारी रेषा ओमानमधून जात होती. लेगो यांनी आपल्या सोयीची जागा निवडली नाही, गणिताने दाखविलेली जागा गाठली.

कॅमेऱ्याची जमवाजमव

चंद्राच्या चित्रासाठी महागडी वेधशाळा लागत नाही. कॅमेऱ्यातील संवेदकावर चंद्रबिंब केवढे पडेल, याचा सोपा ठोकताळा असा: भिंगाच्या नाभीय अंतरास ११० ने भागावे. १,००० मिलिमीटरच्या भिंगाने चंद्र ९ मिलिमीटरचा उमटतो आणि डोक्यावरचे स्थानक पाव मिलिमीटरहून किंचित मोठे. आजच्या कॅमेऱ्यांत तेवढ्या जागेत साठ-पासष्ट बिंदू सहज मावतात. पाती आणि दांडा वेगळा ओळखण्यास ते पुरेसे आहेत. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने वीसेक बिंदू मिळतात. त्यात बारकावे येणार नाहीत, पण जे चंद्रासमोरून गेले ते काय होते, हे निश्चित कळेल. पहिल्या प्रयत्नासाठी मोठे भिंग विकत घेण्याऐवजी ते दोन दिवस भाड्याने आणणे शहाणपणाचे.

शटरचा वेग हा दुसरा मुद्दा. शटर १/१०० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात स्थानक ७७ मीटर सरकते आणि १०९ मीटरांची आकृती पुसट रेघोटी होऊन बसते. १/१००० सेकंदात ही सरक ७.७ मीटर होते, १/१६०० सेकंदात ५ मीटरांहून कमी. चंद्र हा उन्हात पडलेला दगड आहे, हे लक्षात घेतले की प्रकाशाचा हिशेबही सोपा होतो. छायाचित्रकारांचा जुना नियम असा: भिंगाचे छिद्र एफ ११ वर ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल तोच शटरच्या छेदस्थानी धरावा. आयएसओ १६०० असेल, तर पूर्णचंद्रास १/१६०० सेकंद. मात्र हा नियम पौर्णिमेपुरता आहे. अष्टमीच्या चंद्राचे बिंब निम्मे उजळलेले असले, तरी त्याचा एकूण प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा नसून सुमारे एक दशांश असतो. त्यानुसार आयएसओ वाढवावा किंवा छिद्र मोठे करावे. आदल्या रात्री चंद्राची सराव-चित्रे घेऊन हे आकडे नक्की करून लिहून ठेवावेत.

स्वयंचलित सोयी या कामी अडचणीच्याच ठरतात. फोकस स्वयंचलित ठेवला, तर ऐन वेळी कॅमेरा तो पुन्हा शोधू लागतो. म्हणून चंद्रावरील विवरांच्या कडा पडद्यावर मोठ्या करून हाताने फोकस साधावा आणि ते कडे तसेच राहू द्यावे. सेकंदाला दहा चित्रे घेणारा कॅमेरा अर्ध्या सेकंदात पाच चित्रे देतो. चलचित्रण सेकंदाला साठ चौकटींचे असेल, तर तीस चौकटी मिळतात. पण तेथेही शटरचा वेग हातानेच ठरवावा लागतो. सलग चित्रे घेताना कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरली, की तो थबकतो. म्हणून सुरुवात फार आधी करू नये. चलचित्रणाचे तसे नाही. ते ठरलेल्या वेळेपूर्वी अर्धा मिनिट सुरू करून नंतर अर्ध्या मिनिटाने थांबवावे. नवशिक्यास हाच मार्ग सुरक्षित. साध्या तिपाईवर कॅमेरा असेल, तर चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, हेही ध्यानात ठेवावे आणि चौकटीत त्यास पुढे जागा ठेवावी.

शहरात राहणाऱ्यांना एक समाधान आहे. धूसर तेजोमेघ टिपण्यास काळोख लागतो. चंद्रासाठी तो लागत नाही. भर बाजारपेठेतील गच्चीवरूनही हे काम होते. मात्र दिवसभर तापलेली गच्ची आणि पत्रे रात्री उष्णता सोडतात आणि वर उठणाऱ्या हवेमुळे चंद्राच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या थरथरतात. शक्य असल्यास माती किंवा गवत असलेल्या जागी उभे राहावे आणि चंद्र उंचावर असतानाचा योग निवडावा.

स्थानक काळे दिसेल की उजळ, हेही वेळेवर अवलंबून आहे. मध्यरात्रीच्या सुमारास ते बहुधा पृथ्वीच्या सावलीत असते. तेव्हा उजळ चंद्रावर त्याची काळी छाया उमटते आणि चंद्राबाहेर ते दिसतही नाही. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी जमिनीवर अंधार असला, तरी स्थानकावर ऊन असते. तेव्हा ते तेजस्वी ताऱ्यासारखे चंद्राकडे येते आणि चंद्रासमोरही उजळच दिसते.

सूर्यासमोरचे अधिक्रमण टिपण्याचा मोह चंद्रानंतर होतोच. तेथे एक नियम मोडता येत नाही: सूर्यासाठीच तयार केलेला प्रमाणित फिल्टर भिंगाच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसविल्याशिवाय कॅमेरा किंवा दुर्बीण सूर्याकडे वळवू नये. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची फिल्म, गडद चष्मे यांपैकी काहीही चालत नाही. भिंगातून एकवटलेला सूर्यप्रकाश डोळ्याची दृष्टी कायमची नेतो आणि त्या वेळी वेदनाही होत नाहीत. घरात मुले असतील, तर त्यांना चंद्रापाशीच थांबवावे.

चित्राचा ताळा

चंद्राच्या चित्रावर स्थानकाची आकृती चिकटविणे संगणकावर पाच मिनिटांचे काम आहे. मग एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील आणि तो अयोग्य नाही. त्याचे उत्तर या छंदाच्या रीतीतच आहे. जाणता छंदक चित्रासोबत तीन गोष्टी नमूद करतो: तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि ठिकाण. या तीन नोंदी हाती असल्या, की जगातील कोणीही त्या दिवसाची कक्षेची नोंद काढून पडताळू शकतो. त्या ठिकाणाहून, त्या क्षणी, स्थानक चंद्राच्या कोणत्या भागावरून, कोणत्या दिशेने गेले असले पाहिजे, हे गणिताने निघते. चंद्राची कला जुळली पाहिजे, आकृतीचा आकार त्या अंतराशी जुळला पाहिजे, पात्यांचा कलही जुळला पाहिजे. बनावट चित्र यांपैकी कोठेतरी अडकते. ज्या नोंदीस पावतीचा आधार आहे तीच वहीत टिकते, हे पेढीवर बसलेल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही.

चौकटी जोडलेल्या चित्रांनाही हाच न्याय लागू आहे. २१ ऑगस्ट २०१७ च्या सूर्यग्रहणात अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या छायाचित्रकाराने वायोमिंग राज्यातील बॅनर गावाजवळून स्थानक सूर्यासमोरून जाताना टिपले. त्या प्रसिद्ध चित्रात स्थानक ओळीने अनेकदा दिसते, कारण ते सात चौकटी एकत्र करून तयार केलेले आहे. आणि चित्राखालच्या मजकुरात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. जोडणी करण्यात गैर काही नाही. ती लपविणे गैर आहे.

हौशी माणसाच्या अशा नोंदींना एके काळी फार मोठे मोल होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेले, त्यापूर्वीच अमेरिकेतील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे फ्रेड व्हिपल यांनी ‘मूनवॉच’ हा उपक्रम आखला होता. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी असे स्वयंसेवक लहान दुर्बिणी ओळीने लावून बसत आणि कृत्रिम उपग्रह आपल्या दुर्बिणीसमोरून गेला, की त्याची वेळ नोंदवीत. मोठे कॅमेरे सज्ज होईपर्यंत उपग्रहांच्या कक्षा ठरविण्यास या नोंदींचा आधार झाला. पुढे त्याच वेधशाळेने जगभर उभारलेल्या बारा खास कॅमेऱ्यांपैकी एक भारतात, नैनीताल येथे होता. आज कक्षा मोजण्यास रडार आहेत आणि हौशी माणसाच्या घड्याळावर कोणाचे काम अडलेले नाही. पण वेळ, जागा आणि दृश्य यांचा मेळ घालून ती नोंद इतरांपुढे तपासणीस ठेवण्याची रीत मात्र तेव्हापासून चालत आली आहे.

उरलेली वर्षे

स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. त्यामुळे महाराष्ट्रातील प्रत्येक गाव त्याच्या वाटेखाली येते आणि अधिक्रमणाचे पट्टेही या भूमीवरून वरचेवर जातात. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांत नवख्यास दुर्बीण हाताळण्याचे धडे मिळू शकतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर हवामानही साथ देते. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर अठरा दिवस मुक्काम केला. तेथे पोहोचलेले ते पहिले भारतीय. ते दिवस मात्र आषाढाचे होते.

हा छंद आणखी किती वर्षे या स्वरूपात राहील, याला मर्यादा आहे. सध्याच्या नियोजनानुसार स्थानक २०३० पर्यंत चालविले जाईल आणि त्यानंतर त्यास नियंत्रितपणे खाली आणून मनुष्यवस्तीपासून दूर महासागरात उतरविले जाईल. त्यासाठीचे खास यान बनविण्याचे काम ‘नासा’ने जून २०२४ मध्ये स्पेसएक्स कंपनीकडे सोपविले. पुढे नवी स्थानके येतील. परंतु १०९ मीटरांचे, पात्यापात्यांनिशी ओळखू येणारे हे लक्ष्य एकदा गेले, की तसे दुसरे केव्हा उभे राहील, हे आज कोणी सांगू शकत नाही. ज्या घरात शाळकरी मुले आहेत, तेथे ती मुले महाविद्यालयात जाईपर्यंतच हा अवसर आहे.

म्हणून आरंभ लवकर करणे इष्ट. येत्या महिन्यात आपल्या गावापासून पन्नास किलोमीटरांच्या आत किती योग आहेत, त्यांची यादी काढावी. त्यातील चंद्र उंचावर असणारा, पौर्णिमेच्या जवळचा एक योग निवडावा. घरातील एकाने घड्याळ सांभाळावे, एकाने कॅमेरा, एकाने वहीत नोंद करावी. ढग आले, मध्यरेषा हुकली किंवा वेळ चुकली, तर तेही तारखेनिशी लिहून ठेवावे. पुढच्या खेपेस कोणती वेळ आणि कोणती जागा सुधारायची, हे त्या पानावरूनच कळेल. आणि चित्र मिळालेच, तर त्याच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि गावाचे नाव शाईने लिहावे.